पाणी संस्थेचे कागद : कामाची नोंदवही

१० नोव्हेंबर २०२४

आज संस्थेच्या मागच्या खोलीचं कुलूप काढलं. दोन लोखंडी कपाटं, एक पत्र्याची पेटी, आणि कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या नकाशांच्या सुरळ्या. इथले जुने नकाशे आणि रजिस्टरं साफ करून, फोटो आणि स्कॅन काढून, सूची करून जपायच्या कामासाठी संचालक मंडळाने ठरावात अठरा हजार रुपये मंजूर केलेत. त्यातच सगळं बसवायचं आहे.

हे काम का निघालं ते आधी लिहून ठेवते. ऑक्टोबरात एक नंबर लाइनची (शेतांना पाणी नेणाऱ्या पाइपलाइनची) एक शाखा फुटली. शाखेच्या तोंडाशी पाणी बंद करायचा स्लूइस व्हॉल्व्ह आहे हे सगळ्यांना माहीत, पण तो जमिनीत नेमका कुठे आहे हे कुणालाच सांगता येईना. व्हॉल्व्ह बंद करता आला असता तर बाकीची लाइन चालू राहिली असती. तो सापडला नाही म्हणून नऊ दिवस सगळी लाइन बंद. ऐन उन्हात लागणीचा ऊस सुकला. आमचाही पाऊण एकर त्यात होता.

आमची उपसा योजना १९६८ सालची. कृष्णेच्या काठावर जॅकवेल (पंपांची विहीर), तिथून चोवीस इंची रायझिंग मेन (पाणी वर चढवणारी मुख्य पाइप) वर माळावरच्या डिलिव्हरी चेंबरपर्यंत (जिथे पाणी येऊन पडतं तो हौद), आणि चेंबरपासून उताराने तीन लाइनी. ज्यांनी ती टाकली त्यांच्यातले आता एकटे अण्णा उरलेत. ते फिटर होते, वय एक्क्याऐंशी. त्यांच्या डोक्यात आहे आणि या खोलीतल्या कागदांवर आहे, तेवढंच शिल्लक.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, मिरजेत मोजणीच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. रविवारी गावी येते. म्हणजे हे काम रविवारचं.

१३ नोव्हेंबर

रजा टाकून आले. दिवसभर फक्त झाडणं आणि लावणं. मास्क लावूनही संध्याकाळी घसा बसला.

मोजदाद : मोठ्या शीट २१४, रजिस्टरं ६१, पावती पुस्तकं मोजली नाहीत. शीट तीन जातीच्या आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. सगळ्यात जुने फेरो प्रिंट, निळ्यावर पांढऱ्या रेघा. मग अमोनिया प्रिंट, फिकट कागदावर जांभळट निळ्या रेघा. आणि ज्यावरून प्रिंट काढतात ती मूळ ट्रेसिंग, काही कापडावर, काही कागदावर.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात या खोलीत पाणी शिरलं होतं. मला वाटलं होतं फेरो प्रिंट सगळ्यात जुने, तेच गेले असतील. उलटं निघालं. फेरोचा निळा रंग पाण्यात विरघळत नाही. कडेला गाळाची ओळ बसलीय, पण रेघा शाबूत. गेलंय ते ट्रेसिंग क्लॉथ. ते सुती कापड खळीने ताठ केलेलं असतं. पाणी लागलं की खळ धुऊन जाते, आणि राहतं नुसतं मऊ फडकं, त्यावर शाईचा पुसट डाग. अकरा मूळ ट्रेसिंग अशी गेली. अमोनिया प्रिंट पाण्यापेक्षा उजेडाने फिकट झालेत. खिडकीसमोर ज्यांची गुंडाळी होती त्यांचा बाहेरचा वेटोळा जवळजवळ कोरा आहे.

एक गठ्ठा विटेसारखा चिकटून घट्ट झालाय. कडेने मोजल्यावर साधारण सतरा शीट. त्याला आज हात लावला नाही.

कसर लागलेले कागद वेगळे काढले. फेरो आणि अमोनिया प्रिंट एकमेकांना लागून ठेवायचे नाहीत. अमोनियाच्या कागदातून निघणाऱ्या वाफेने फेरोचा निळा रंग उडतो. पन्नास वर्षं ते एकाच सुरळीत होते.

१७ नोव्हेंबर

शहरात चौकशी केली होती. मोठ्या शीट स्कॅन करून देणारं दुकान आहे, पण त्यांचं मशीन रोलरचं. कागद आत ओढून घेतं. आमच्या निम्म्या शीटची कड बोट लावलं तरी तुटते. त्यामुळे दर कमी असता तरी उपयोग नव्हता. कॅमेऱ्यानेच करायचं.

कॅमेरा मावसभावाचा, लग्नाचे फोटो काढतो. चोवीस मेगापिक्सेल, पन्नासची लेन्स. लग्नसराईत रविवारी मिळणार नाही म्हणाला; मग तिथी नसलेले रविवार धरायचे ठरलं.

हिशेब मांडला. कॅमेऱ्याचा फोटो सहा हजार गुणिले चार हजार ठिपक्यांचा. ए-वन शीट साधारण ३३ इंच बाय २३ इंच. एकाच फोटोत घेतली तर इंचाला जेमतेम १७० ठिपके पडतात. ड्राफ्ट्समनने लिहिलेले बारीक आकडे त्यात ३ की ८ ते कळत नाहीत, करून बघितलं. चार तुकड्यांत घेतली, तुकडे एकमेकांवर थोडे चढवले, तर तीनशेच्या आसपास जातं. चार फोटो ह्युगिनमध्ये (Hugin) जोडायचे. हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

तुळईला कॅमेरा उलटा टांगला, खाली प्लायवूडचा फळा. फळा टेबलावर सरकतो, कॅमेरा हलत नाही. कॅमेरा कागदाला अगदी समांतर आहे का हे बघायची युक्ती आमच्या ऑफिसातल्या जुन्या ड्राफ्ट्समनकाकांनी सांगितली : फळ्यावर मधोमध छोटा आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर आलं की समांतर. नाहीतर नकाशाचा चौकोन एका बाजूला निमुळता होतो, आणि मोजमापाच्या कागदावर ते चालणार नाही. पाच रुपयांच्या आरशाने लेव्हलच्या बाटलीपेक्षा चांगलं काम केलं.

आतापर्यंतचा खर्च : प्लायवूडची अर्धी शीट १,४००, पाच मिलिमीटरची काच १,१५०, चार एलईडी बॅटन ८८०, ब्रश, फडकी आणि सुती नाडी ६४०, मास्क-हातमोजे १८०, जुना ए-फोर स्कॅनर २,६००. दोन हार्ड डिस्क घ्यायच्या आहेत, ८,६०० होतील. म्हणजे १५,४५०. उरतात अडीच हजार, ते राखून.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. मत देऊन दुपारी येऊन फक्त सुरळ्या सरळ केल्या. उलटी गुंडाळी करायची नाही, चीर पडते. दोन प्लायवूडमध्ये ठेवून वर विटा, चार दिवस.

२४ नोव्हेंबर

३८ शीट झाल्या. एका शीटला सहा-सात मिनिटं. भाची फळा सरकवते, मी बटण दाबते. प्रत्येक फोटोत कडेला स्टीलची फूटपट्टी ठेवतेय. कारण सांगते : शीटवर लिहिलेलं असतं १ इंच = १०० फूट. तो फोटो उद्या कुणी ए-फोरवर छापला की ते वाक्य खोटं होतं, पण कागदावर तसंच दिसत राहतं. पट्टी फोटोतच असली की किती लहान केलं ते कळतं.

फाइलला मराठी नाव द्यायचा मोह टाळला. नुसते आकडे : आधी सुरळीचा, मग शीटचा, मग तुकड्याचा. बाकी सगळं सूचीत. सूची साध्या स्प्रेडशीटमध्ये, एका शीटला एक ओळ : शीटवरचं शीर्षक जसंच्या तसं, साल, कागदाची जात, स्केल, कोणत्या लाइनची, चेनेज (लाइनवर मोजलेलं अंतर) कुठून कुठपर्यंत, शेरा. मूळ कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने तोच आकडा.

१ डिसेंबर

आज फार आनंद झाला. (नंतरची भर : तो आनंद पुढे महागात पडला, पण त्या दिवशी काय वाटलं ते खोडत नाही.)

अमोनिया प्रिंट पिवळे पडलेत, डागाळलेत. रंगीत फोटोत रेघ आणि डाग एकमेकांत मिसळतात. मग लक्षात आलं की फोटोतला फक्त लाल चॅनेल (लाल उजेडाचा थर) वेगळा काढला तर पिवळे डाग पांढरे होतात आणि निळ्या रेघा काळ्या उमटतात. फेरोलाही तेच लागू पडतं, निळं एकदम गडद आणि रेघा पांढऱ्या. मग उलटं करून घ्यायचं. जिथे काही दिसत नव्हतं तिथे जॅकवेलचा पूर्ण छेद उभा राहिला, पायऱ्यांसकट. भाची म्हणाली, आत्या, हे कालच काढलंय असं वाटतं.

फाइलीही हलक्या झाल्या. चोवीस मेगापिक्सेलचा एक रंगीत फोटो न दाबता ठेवला तर ७२ एमबी, एका शीटचे चार म्हणजे २८८. काळीपांढरी करून ती शीट एका एमबीच्या आत बसली. लॅपटॉप भरत आला होता, डिस्क अजून आलेल्या नव्हत्या. ३८ शीटचे रंगीत फोटो मी पुसून टाकले.

८ डिसेंबर

एक नंबर लाइनची स्वच्छ केलेली शीट ए-थ्रीवर छापून अण्णांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पोरी, ही शीट साफ हाय, पर खरी न्हाई."

मी म्हटलं, मूळ शीटवरूनच काढलीय.

"मूळ शीटवर तांबड्या पेन्सिलीनं लिवलंय न्हवं आम्ही? ते कुठं गेलं?"

तिथेच पोटात गोळा आला. लाल पेन्सिल. लाल चॅनेलमध्ये लाल रंग पांढरा होतो. जे तंत्र डाग घालवत होतं त्याने लाल पेन्सिलही घालवली होती, आणि मी रंगीत फोटो पुसले होते.

अण्णांनी मग सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण कुठल्याच रजिस्टरात ते नाही. नकाशा आधी ऑफिसात व्हायचा. चर खणताना कुठे काळा पाषाण लागायचा, कुठे कुणाचं आंब्याचं झाड मधे यायचं, कुठे बांधावरून तंटा व्हायचा. मग लाइन वळवायची. ओव्हरसिअर साहेब खिशातली तांबडी पेन्सिल काढून साइटवरच्या प्रिंटवर खूण करायचे : किती फूट, कुठल्या बाजूला, तारीख. ऑफिसातलं ट्रेसिंग कुणी पुन्हा काढलं नाही. त्यामुळे सुबक ट्रेसिंगवर आहे ते ठरवलेलं, आणि मळक्या, घामाचे डाग पडलेल्या प्रिंटवर आहे ते टाकलेलं. मी गेल्या आठवड्यात त्याच प्रिंटना "दुसरी प्रत, खराब" असा शेरा मारला होता. सात शीट तर "घ्यायची गरज नाही" म्हणून बाजूला ठेवल्या होत्या.

घरी येऊन त्या सातही बाहेर काढल्या. पाच शीटवर लाल खुणा आहेत.

१५ डिसेंबर

डिस्क आल्या. ३८ शीट पुन्हा घेतल्या, आणि बाजूला ठेवलेल्या सातही. सकाळी सातला बसलो ते दिवे लागेपर्यंत. आता नियम असा : रंगीत मूळ फोटो कधीही पुसायचा नाही, त्याच्यावर काही करायचं नाही. साफ केलेली प्रत वेगळी, तिच्या नावाला शेवटी नऊ. २१४ शीटचे सगळे रंगीत फोटो मिळून साठ-बासष्ट जीबी होतात. एक टीबीच्या डिस्कवर ते कोपऱ्यात बसतात. ज्या जागेसाठी मी ते पुसले ती जागा इतकी स्वस्त होती.

सूचीत एक रकाना वाढवला : हाताच्या खुणा. काळी पेन्सिल, लाल पेन्सिल, शाई, शिक्का, यातलं काय आहे आणि जसं लिहिलंय तसं. "दुसरी प्रत" हा शब्द सूचीतून काढून टाकला.

२२ डिसेंबर

रजिस्टरं. एकसष्टही स्कॅन करणं या पैशात आणि या वेळात होत नाही. निवड केली : सभासद रजिस्टर, सभांची प्रोसीडिंग बुकं, पाण्याच्या पाळ्यांची पाळीपत्रकं, दुरुस्ती रजिस्टर. पावती पुस्तकं नाहीत. सेक्रेटरी भाऊंना ते पटलं नाही. पावती हा पुरावा असतो, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण पावतीची रक्कम कीर्दीत उतरलेली आहे, आणि कीर्द सुस्थितीत आहे. पावत्या नुसत्या झाडून रुमालात बांधून ठेवल्या.

शिवण घट्ट असलेली रजिस्टरं स्कॅनरवर पालथी घालायची नाहीत, कणा मोडतो. ती कॅमेऱ्याखाली, उशीवर, अर्धी उघडून. सुटी पानं स्कॅनरवर. पानांच्या कडा सरळ करायला स्कॅनटेलर वापरतेय, तेही फुकट.

टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने मराठी वाचून बघितलं. छापलेल्या वार्षिक अहवालांवर चांगलं चालतं, जोडाक्षरं अधूनमधून चुकतात. हस्ताक्षरापुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून हस्तलिखितांची फक्त सूची : पान कुठून कुठपर्यंत, तारीख, ठरावाचा विषय एका ओळीत. दुरुस्ती रजिस्टर मात्र पूर्ण टाइप करायचं. १९७१ ते १९९६, एकाच हाताने लिहिलेलं, आणि प्रत्येक नोंदीत जागा दिलेली आहे : "जांभळीच्या विहिरीजवळ सांधा गळती, शिसे भरले." असं एक वाक्य सापडलं की दिवस सार्थकी लागतो.

२९ डिसेंबर

आज सगळ्यात अडचणीचं काम. नकाशावर सर्व्हे नंबर आहेत, आजच्या सातबारावर गट नंबर. मधे एकत्रीकरण योजना झाली, जमिनीचे तुकडे जोडून नवे गट पडले. भूमी अभिलेखातून योजनापत्रकाच्या नकला काढल्या, राखीव अडीच हजारांतले २१० रुपये गेले. एक नंबर लाइनखालच्या सगळ्या नंबरांचा तक्ता तयार झाला : जुना सर्व्हे नंबर, हिस्सा, आजचा गट. हा तक्ता नसता तर स्कॅन केलेले नकाशे नुसते बघायच्या कामाचे राहिले असते.

मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये शीट उपग्रहाच्या चित्रावर बसवली. पंपहाउसचे कोपरे, डिलिव्हरी चेंबर, दोन विहिरी, ओढ्यावरची मोरी. तरी बसेना. चेंबरकडे जुळलं की ओढ्याकडे सरकायचं. मूळ कागद काढून पट्टीने मोजला. शीटवर छापलेली दहा इंचांची स्केलची रेघ आज ९.९४ इंच भरते. कागद आटलाय. इंचाला शंभर फूट म्हटल्यावर हजार फुटांत सहा फुटांचा फरक. आडव्या दिशेला आटणं त्याहून कमी आहे. दोन्ही दिशांना वेगळं ताणल्यावर जुळलं.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवायची. अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ या स्केलला जमिनीवर दोन फूट असते. त्यामुळे कॉम्प्युटरवर कितीही मोठं करून बघितलं तरी पहारीची जागा त्यावरून ठरत नाही. ती ठरते शेजारी लिहिलेल्या आकड्यावरून. १९८४ च्या वाढीव कामाच्या शीटवर चेनेज मीटरमध्ये आहे आणि १९६८ च्या शीटवर फुटांत, एकक कुठेच लिहिलेलं नाही. सूचीत आता एककाचा रकाना आहे.

५ जानेवारी २०२५

अण्णांना मोटरसायकलवर बसवून लाइनवरून नेलं. मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं, एक तास दहा मिनिटं. ते थांबतील तिथे मी शीटचा आकडा मोठ्याने म्हणते, म्हणजे नंतर ऐकताना कागदाशी जोडता येईल. वारा फार होता. पुढच्या वेळी मोबाइल त्यांच्या उपरण्याच्या घडीत ठेवायचा.

हरवलेल्या व्हॉल्व्हची शीट आता रंगीत आहे. चेनेज २३४०. शेजारी तांबड्या पेन्सिलीने : "काळा पाषाण, ११' पूर्वेस. विहिरीच्या काठापासून ४२'." अण्णा म्हणाले, ती विहीर ब्याण्णवच्या सुमाराला बुजवली. जागा नक्की कुठे ते त्यांना सांगता येईना, सगळा ऊस उभा होता. रानाच्या मालकीणकाकी बांधावर आल्या. त्या म्हणाल्या, "इहीर कुठं हुती ते माज्या उसाला ईचारा. तेवढ्या गोलात दरसाल पिवळा पडतोय." पण आत शिरता येईना. तोड आल्यावर बघू असं ठरलं.

१९ जानेवारी

गुरुवारी काकींचा ऊस तुटला. आज सकाळी आठ वाजता संस्थेतले तात्या, सेक्रेटरी भाऊ, पाणी सोडणारे दोन पाटकरी, अण्णा, मी. मोकळ्या रानात गोल स्पष्ट दिसत होता, माती थोडी खचलेली आणि खोडवं बारीक. काठाचा अंदाज घेऊन टेप धरली. बेचाळीस फूट. तिथे पहार मारली तर नुसता मुरूम.

अण्णा बाजूच्या बांधावर बसले होते. म्हणाले, "काठ म्हंजी कुटला धरला? बांधकामाचा का मातीचा? साहेब बांधकामावरनं मोजायचे." खचलेल्या गोलाच्या आत दीड हात खणलं तेव्हा घडीव दगडाची कड लागली. तिथून पुन्हा टेप धरली. तिसऱ्या पहारीला लोखंडाचा आवाज आला.

चेंबरचं झाकण अडीच फूट खाली होतं. व्हॉल्व्हचं स्पिंडल गंजलंय, पण अण्णांनी रॉकेल सोडून पाऊण तास थांबायला लावलं आणि मग दोघांनी चावी फिरवली. पाऊण आटा फिरला. आज तेवढंच पुरे म्हणाले, जबरदस्ती केली तर मोडेल.

मी शीट छापून नेली होती. अण्णांनी विचारलं, पेन्सिल हाय का तांबडी? नव्हती. मोजणीचं निळं पेन दिलं. त्यांनी त्याच्याने लिहिलं : "काठ = दगडी बांधकाम. झाकण २॥ फूट खाली. १९.१.२५". खाली सही. घरी येऊन ही शीटही कॅमेऱ्याखाली घेतली, रंगीत. शीट क्रमांक २१५.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर सभेत डिस्क दाखवल्या. एक संस्थेत, पण मागच्या खोलीत नव्हे; वरच्या मजल्यावरच्या कपाटात. दुसरी माझ्याकडे मिरजेत, नदीपासून लांब. सहा महिन्यांनी दोन्ही लावून फाइलींचे चेकसम (फाइल बिघडली का हे दाखवणारे आकडे) जुळतात का बघायचं, ती तारीख प्रोसीडिंगला घातली. तात्यांनी विचारलं, आता मूळ कागद रद्दीत द्यायचे का. नाही. लाल चॅनेलचं सगळं सांगितलं, मग कुणी पुन्हा विचारलं नाही.

हाताशी २,३४० रुपये उरलेत. त्यातून तांबड्या पेन्सिलींचा एक डबा घेऊन पाटकऱ्यांना वाटायचा आहे, आणि लाइनच्या छापील शीटचा एक संच पंपहाउसवर टांगायचा आहे.

चिकटलेला सतरा शीटचा गठ्ठा सुती कापडात बांधून, वर "उघडू नये, २०१९ पूर" अशी चिठ्ठी लावून ठेवला. वरच्या शीटच्या कोपऱ्यात "तीन नंबर लाइन" एवढं वाचता येतं. तीन नंबरची साइटवरची प्रिंट दुसरीकडे कुठेच सापडलेली नाही. कागद सोडवणारा जाणता माणूस मिळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पुढच्या रविवारी अण्णांना घेऊन तीन नंबरवरून चालायचं आहे.